ग्रीक वीरांची नावे आणि लढाऊ जहाजे: ब्रिटिश परंपरा आणि आपले नौदल

प्रश्न तीन भागांचा आहे. ब्रिटिश नौदलाने आपल्या युद्धनौकांना ग्रीक आणि रोमन पुराणांतील नावे इतक्या सातत्याने का दिली? त्या नावांचा जहाजाच्या कामाशी किंवा नशिबाशी काही संबंध असे का? आणि स्वतःची एवढी समृद्ध पुराणे असताना भारतीय नौदलाने तीच रीत का उचलली नाही? मी नौदलात सेवा केली आणि निवृत्तीनंतर जहाजांच्या इतिहासाच्या नोंदी लावण्याचे काम बराच काळ केले. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

पहिल्या भागाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘त्या काळच्या इंग्रज उमरावांना ग्रीक-लॅटिनचे वेड होते’ एवढ्यावर संपवलेले आढळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. युद्धनौका बांधायला काही वर्षे लागतात आणि ती पुढे तीस-चाळीस वर्षे पाण्यात राहते. तेवढ्या काळात राजे बदलतात, पक्ष बदलतात आणि कालचा शत्रू मित्र होतो. म्हणून सत्तेवर कोणीही आले तरी न खटकणारे, जहाज बुडाले तरी राष्ट्राचा किंवा देवाचा अपमान न वाटणारे आणि एका जहाजाने मिळवलेली कीर्ती त्याच नावाच्या पुढच्या जहाजाला सहज देता येईल असे नाव नौदलाला हवे असते. या तिन्ही अटींत ग्रीक पुराणातील नावे जितकी चपखल बसत होती, तितकी त्या काळच्या इंग्लंडमध्ये दुसरी कोणतीही नावे बसत नव्हती.

राजकीय नावांचा धडा इंग्लंडला लवकर मिळाला होता. राजेशाही हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत बांधलेल्या एका मोठ्या युद्धनौकेला ‘नेझबी’ हे नाव दिले होते. 1645 साली नेझबीच्या रणांगणावर संसदेच्या सैन्याने राजाचा पराभव केला होता, त्याचे ते स्मारक होते. पण 1660 मध्ये राजेशाही परत आली आणि दुसऱ्या चार्ल्सला मायदेशी आणण्याच्या वेळी त्याच जहाजाचे नाव ‘रॉयल चार्ल्स’ करण्यात आले. सात वर्षांनी डच आरमाराने मेडवे नदीत शिरून ते जहाज पळवून नेले, आणि राजाच्या नावाचे जहाज शत्रूच्या बंदरात जाऊन उभे राहिले. देशाच्याच नावाचा धोका तर त्याहून मोठा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात जर्मनीने आपल्या ‘डॉइचलँड’ या युद्धनौकेचे नाव बदलून ‘ल्युत्सोव’ केले, कारण ‘जर्मनी बुडाली’ अशी बातमी जगभर जाणे हिटलरच्या सरकारला परवडणारे नव्हते.

राहिला प्रश्न धार्मिक नावांचा. कॅथलिक स्पेनच्या आरमारात ‘सांतिसिमा त्रिनिदाद’, ‘सांता आना’, ‘सान हुआन नेपोमुसेनो’ अशी नावे असत, आणि 1805 मध्ये ब्रिटिशांनी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराचा पराभव केला त्या ट्रफाल्गरच्या लढाईत ही तिन्ही जहाजे होती. इंग्लंडने मात्र सोळाव्या शतकात रोमच्या चर्चशी नाते तोडल्यानंतर संतांच्या नावांचा मार्ग मोठ्या प्रमाणावर सोडून दिला होता. झ्यूस, नेपच्यून, मार्स, मिनर्व्हा हे एके काळचे देव होते, त्यांच्या नावात दरारा होता, पण त्यांची पूजा करणारे कोणी उरलेले नव्हते. त्यामुळे ‘मार्स’ची डोलकाठी मोडली किंवा ‘मिनर्व्हा’ शत्रूच्या हाती लागली तरी कोणाच्या श्रद्धेला धक्का बसत नसे. दुसऱ्या कोणत्याही कारणापेक्षा हे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि आपल्याकडची रीत वेगळी का, याचेही उत्तर त्यातच आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

शिक्षणाचा वाटा अर्थातच होता, पण त्याविषयीची एक लोकप्रिय दंतकथा तपासून घेतली पाहिजे. नौदल खात्याचे प्रमुख लॉर्ड सँडविच यांच्या मेजावर लेम्प्रिएर यांचा ग्रीक-रोमन पुराणांचा कोश असे आणि नवे जहाज आले की ते त्यातून एक नाव काढून देत, ही गोष्ट अनेक पुस्तकांत सांगितली जाते. तो कोश 1788 मध्ये छापला गेला. सँडविच 1782 मध्येच पदावरून गेले होते आणि ज्या जहाजांच्या संदर्भात ही गोष्ट सांगितली जाते त्यांपैकी ‘अ‍ॅगमेम्नॉन’ 1781 मध्ये, ‘पॉलिफेमस’ 1782 मध्ये आणि ‘बेलेरोफॉन’ 1786 मध्ये पाण्यात उतरले होते. म्हणजे कोश येण्याआधीच नावे ठरलेली होती. नावे देणाऱ्यांना कोशाची गरजही नव्हती, कारण होमर आणि व्हर्जिल या प्राचीन ग्रीक-रोमन कवींची काव्ये हे त्यांच्या शाळेतले पाठ होते. दुसरीकडे बाराव्या-तेराव्या वर्षी जहाजावर चढणाऱ्या अधिकाऱ्यांना ते शिक्षण क्वचितच मिळत असे आणि खलाशांना तर मुळीच नाही.

खलाशांनी या नावांचे काय केले, हा या परंपरेतील सर्वांत जिवंत भाग आहे. ‘बेलेरोफॉन’ हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते ‘बिली रफियन’ झाले, म्हणजे कोणी गल्लीतला दांडगा बिली. ‘पॉलिफेमस’ची ‘पॉली इन्फेमस’, म्हणजे बदनाम पॉली झाली, ‘अ‍ॅगमेम्नॉन’चे ‘एग्ज अँड बेकन’ झाले, तर ‘अँड्रोमकी’चे ‘अँड्र्यू मकाय’ असे अस्सल स्कॉटिश नाव झाले. यात चेष्टेपेक्षा आपुलकी जास्त आहे. वर्षानुवर्षे ज्या लाकडी भिंतींत राहायचे आणि ज्यांच्या आड उभे राहून तोफगोळे झेलायचे, त्या जहाजाला घरातले नाव हवेच असते. ‘बिली रफियन’च्या माणसांनी 1798 मध्ये नाईलच्या लढाईत फ्रेंचांच्या सर्वांत मोठ्या जहाजाशी, ‘लोरियाँ’शी, झुंज घेतली, ट्रफाल्गरला जहाजाचा कप्तान गमावला, आणि 15 जुलै 1815 रोजी वॉटर्लूनंतरचा नेपोलियन त्यांच्याच जहाजावर येऊन कप्तान मेटलंड यांच्या स्वाधीन झाला. पुराणातला बेलेरोफॉन हा पंख असलेल्या घोड्यावर बसून राक्षसांना मारणारा वीर, पण पुढे थेट देवांच्या पर्वतावर चढू पाहणारा आणि तिथून खाली कोसळलेला. युरोप जिंकायला निघालेला सम्राट त्याच नावाच्या जहाजावर शरण आला. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात असे काही असणे शक्य नव्हते, पण नावात एक कथा भरलेली असली की घटना तिच्याभोवती जमा होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

नावाचा आणि कामाचा संबंध असे का, या प्रश्नाचे उत्तर ‘पुष्कळदा होय’ असे आहे. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर उखळी तोफांनी गोळे टाकणाऱ्या जहाजांना ज्वालामुखींची किंवा पाताळाची नावे देण्याची रीत होती. ‘व्हेसुव्हियस’, ‘एट्ना’, ‘हेक्ला’ ही त्यातली, आणि ‘एरेबस’ही त्यातलेच. एरेबस म्हणजे मृतांच्या लोकातील मूळ अंधार. हे जहाज 1826 मध्ये पाण्यात उतरले. उखळी तोफांचा धक्का सोसण्यासाठी त्याचा सांगाडा भक्कम केलेला होता, म्हणून पुढे ते बर्फाच्या प्रदेशातील मोहिमांसाठी निवडले गेले. 1841 मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी अंटार्क्टिकावरील एका जळत्या पर्वताला त्याचेच नाव दिले. 1845 मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली आर्क्टिकमध्ये गेली आणि त्यांवरचे सर्व 129 जण मृत्युमुखी पडले. ‘एरेबस’चा सांगाडा 2014 मध्ये आणि ‘टेरर’चा 2016 मध्ये सापडला.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बंदराच्या रक्षणासाठी ‘सर्बेरस’ नावाची चिलखती नौका ठेवलेली होती. सर्बेरस हा पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. आत येऊ पाहणाऱ्यावर भुंकण्यासाठीच ज्या जहाजाची नेमणूक आहे, त्याला यापेक्षा योग्य नाव मला सुचत नाही. आज ते तिथल्याच किनाऱ्याजवळ लाटा अडवण्यासाठी बुडवलेल्या अवस्थेत आहे. अमेरिकेने मात्र वेगळी विभागणी केली. त्यांच्या मोठ्या युद्धनौकांना राज्यांची नावे मिळाली आणि ग्रीक-रोमन पुराणे कोळसावाहू, दुरुस्तीच्या आणि पाणबुड्यांची देखभाल करणाऱ्या जहाजांकडे गेली. ‘व्हल्कन’ हे लोहार-देवाचे नाव दुरुस्तीच्या जहाजाला देण्यात अर्थ होता. ‘ज्युपिटर’ हे कोळसावाहू जहाज पुढे बदलून ‘लँगली’ या नावाने अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका झाले, आणि ‘सायक्लॉप्स’ हे दुसरे कोळसावाहू मार्च 1918 मध्ये तीनशेहून अधिक माणसांसह अटलांटिकमध्ये नाहीसे झाले.

आता मला ज्या भागावर थोडे रेंगाळायचे आहे त्याकडे येतो. ट्रॉय नगरीचे स्थान आजच्या तुर्कस्तानात, डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे. ट्रॉयवर चालून गेलेल्या ग्रीक वीरांची नावे लावलेली ब्रिटिश जहाजे नेमक्या त्याच पाण्यात एकापेक्षा अधिक वेळा लढायला गेली. फेब्रुवारी 1807 मध्ये ब्रिटिश आरमार तुर्कांवर दबाव आणण्यासाठी डार्डानेल्समध्ये शिरण्याच्या तयारीत टेनेडोस बेटापाशी नांगर टाकून थांबले होते. होमरोत्तर कथेनुसार ट्रॉयच्या वेशीवर लाकडी घोडा ठेवून ग्रीक जहाजे ज्या बेटाआड लपली, ते हेच बेट. त्या आरमारात ट्रफाल्गरला लढलेले ‘एजॅक्स’ होते. 14 फेब्रुवारीच्या रात्री त्याला आतूनच आग लागली, ते जळत जळत टेनेडोसच्या किनाऱ्याला लागले आणि स्फोट होऊन नष्ट झाले. सुमारे अडीचशे माणसे गेली. कथेतला एजॅक्सही ट्रॉयच्या रणात शत्रूच्या हातून मरत नाही. अ‍ॅकिलीसची चिलखते आपल्याला मिळाली नाहीत या संतापात तो स्वतःचा अंत करतो, आणि त्याची समाधी याच सामुद्रधुनीच्या काठावर असल्याचे प्राचीन लोक मानत. जळत्या जहाजाचा कप्तान हेन्री ब्लॅकवूड वाचला. त्याचे नाव पुढे ब्रिटिश फ्रिगेटच्या (मध्यम आकाराच्या युद्धनौकांच्या) एका वर्गाला मिळाले आणि आपली ‘खुकरी’ त्याच वर्गातली होती. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ तिला बुडवणारी पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ ही फ्रान्समध्ये बांधलेली ‘दाफ्ने’ वर्गाची होती, म्हणजे अपोलोपासून पळताना वृक्ष झालेल्या अप्सरेचे नाव तिच्या वर्गाला होते. आपल्या समुद्रातल्या एवढ्या दुःखद घटनेपर्यंत हे धागे असे येऊन पोचतात.

1807 नंतर एका शतकाने तीच सामुद्रधुनी पुन्हा पेटली. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी 1915 मध्ये, तुर्की किल्ल्यांवर मारा करणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ‘अ‍ॅगमेम्नॉन’ होती, म्हणजे ट्रॉयवरच्या स्वारीच्या सेनापतीचे नाव लावलेली नौका ट्रॉयच्या भग्नावशेषांसमोरून तोफा डागत होती. तिच्यावरही गोळे आदळले, माणसे मेली, आणि त्या वर्षी मित्रराष्ट्रांना ती सामुद्रधुनी जिंकता आली नाही. पण 30 ऑक्टोबर 1918 रोजी लेम्नॉस बेटावरील मुद्रोस बंदरात ऑटोमन साम्राज्याच्या प्रतिनिधींनी युद्धविरामावर सही केली, ती याच ‘अ‍ॅगमेम्नॉन’वर. ट्रॉयची भूमी ज्यांच्या ताब्यात होती त्या सत्तेने ट्रॉयच्या विजेत्याच्या नावाच्या जहाजावर शस्त्रे खाली ठेवली. मला ही घटना नौदल इतिहासातील अत्यंत विलक्षण घटनांपैकी एक वाटते, आणि पाठ्यपुस्तकांत मुद्रोसचा करार येतो पण जहाजाचे नाव गाळले जाते याची खंत वाटते.

नावाचा नशिबाशी संबंध जोडणारे लोक याच गोष्टी पुढे करतात आणि त्यांच्याकडे उदाहरणे भरपूर असतात. युरिडिसी ही ऑर्फियसची पत्नी. तिला मृत्युलोकातून परत आणताना त्याने मागे वळून पाहिले आणि ती कायमची गेली. ‘युरिडिसी’ हे ब्रिटिश प्रशिक्षण जहाज मार्च 1878 मध्ये आइल ऑफ वाइटजवळ हिमवादळात उलटले आणि तीनशेहून अधिक माणसांपैकी दोनच जण जगले. तिच्या जागी आणलेले ‘अ‍ॅटलांटा’ 1880 मध्ये बर्म्युडाहून परतताना माणसांसकट बेपत्ता झाले. ‘युरिडिस’ या नावाचीच फ्रेंच पाणबुडी मार्च 1970 मध्ये 57 जणांसह बुडाली. अ‍ॅकिलीसची समुद्रकन्या आई थेटिस, तिच्या नावाची ब्रिटिश पाणबुडी 1 जून 1939 रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली आणि 99 माणसे गुदमरून मेली. तिला वर काढून ‘थंडरबोल्ट’ असे नवे नाव देण्यात आले. नावाच्या बदलाने काही साधले नाही. मार्च 1943 मध्ये ती भूमध्य समुद्रात पुन्हा बुडाली, या वेळी शत्रूच्या माऱ्याने आणि कोणीही वाचले नाही.

हे सारे वाचून मन अस्वस्थ होते, हे मान्य केले तरी माझे मत स्पष्ट आहे. ‘थेटिस’ बुडाली ती टॉर्पेडोच्या नळीची चाचणी घेण्याची छोटी वाट रंगाने बुजली होती आणि नळीचे पुढचे झाकण उघडे असताना मागचे उघडले गेले म्हणून. त्या काळी ब्रिटनच्या ताफ्यात पुष्कळ जहाजे ग्रीक नावांची होती. त्यांतली जी बुडाली त्यांच्याच कथा आपण जुळवतो आणि जी शांतपणे भंगारात गेली त्यांना विसरतो. सूर्याजवळ उडून पंख वितळलेल्या इकेरसचे नाव एका ब्रिटिश विनाशिकेला होते आणि ती दुसऱ्या महायुद्धाची सर्व वर्षे लढून सुखरूप परतली. अपघाताचे खरे कारण शोधण्याऐवजी नावाला दोष देणे हे मेलेल्या खलाशांवर अन्याय करणारे आहे, असे मी मानतो.

आता आपल्या बाजूला येऊ. मुंबईचा या परंपरेशी संबंध जहाजे विकत घेण्याच्या फार आधीचा आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडला ओकच्या लाकडाची टंचाई भासू लागली तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून ब्रिटिश नौदलासाठी जहाजे बांधली गेली. त्यांत लीडा वर्गाची दोन फ्रिगेट होती. लीडा म्हणजे ट्रॉयच्या हेलेनची आई. या वर्गातील 1817 चे ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे आणि आपल्याकडे त्याचा उल्लेख अनेकदा होतो. पण त्याच्या आदल्या वर्षी, 1816 मध्ये, मुंबईतच उतरलेल्या त्याच्या बहिणीचे नाव ‘अँफिट्राइट’ होते, म्हणजे समुद्रदेव पॉसायडनची पत्नी, समुद्राची राणी. मुंबईच्या सुतारांनी आणि लोहारांनी ग्रीक सागरराणीच्या नावाचे लढाऊ जहाज घडवले, ही गोष्ट मुंबईकरांना फारशी माहीत नसते, ती माहीत असायला हवी.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आलेल्या तीन मोठ्या युद्धनौका मूळच्या ग्रीक नावांच्या होत्या, आणि त्यांतली ‘अ‍ॅकिलीस’ सर्वांत मोलाची. 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापाशी, रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर, जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’ या बलाढ्य युद्धनौकेला तीन लहान क्रूझरनी गाठले. ‘एक्झिटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अ‍ॅकिलीस’. कथेत एजॅक्स आणि अ‍ॅकिलीस हे चुलत भाऊ आहेत आणि त्या दिवशी ते खरोखर शेजारी शेजारी लढले. ‘अ‍ॅकिलीस’वरचे बरेच नौसैनिक न्यूझीलंडचे होते. जखमी ‘ग्राफ श्पे’ने माँटेव्हिडिओच्या बंदरात आश्रय घेतला आणि 17 डिसेंबरला तिच्या कप्तानाने तिला स्वतःच उडवून दिले. ‘एजॅक्स’च्या सन्मानार्थ कॅनडात टोरोंटोजवळच्या एका नव्या वस्तीला तिचे नाव दिले गेले. ते गाव आजही त्याच नावाने आहे. ‘अ‍ॅकिलीस’ 5 जुलै 1948 रोजी भारतीय नौदलात ‘दिल्ली’ या नावाने दाखल झाली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा, दीव आणि दमण मुक्त करण्याच्या कारवाईत दीवच्या बाजूने तिने तोफा डागल्या. म्हणजे नाझी जर्मनीविरुद्ध लढलेल्या त्याच जहाजाने पोर्तुगीज वसाहतवादाच्या शेवटच्या दिवसांतही आपला वाटा उचलला. 1978 मध्ये मुंबईत ती निवृत्त झाली आणि तिचा एक तोफबुरूज न्यूझीलंडला भेट दिला गेला, तो ऑकलंडजवळच्या नौतळावर ठेवला आहे.

हे नाव बदलले यात काही हरवले का? माझ्या मते नाही. ऑस्ट्रेलियानेही याच वर्गाच्या तीन क्रूझर घेतल्यावर ‘अँफियन’, ‘अपोलो’ आणि ‘फेथॉन’ ही नावे पुसून ‘पर्थ’, ‘होबार्ट’ आणि ‘सिडनी’ ही आपल्या शहरांची नावे दिली होती. तेथे इंग्रजी बोलणारे, ग्रीक कथा शाळेत शिकलेले लोक असूनही त्यांना आपल्या जहाजात आपले घर दिसावे असे वाटले. मग नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताला आपल्या पहिल्या क्रूझरवर राजधानीचे नाव हवेसे वाटावे, यात नवल ते काय?

दुसरी नौका ‘हर्क्युलीस’. युद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिलेली ही विमानवाहू नौका भारताने 1957 मध्ये विकत घेतली. बेलफास्टमध्ये ती पूर्ण झाली आणि 4 मार्च 1961 रोजी ‘विक्रांत’ म्हणून दाखल झाली. बारा अचाट कामे करणाऱ्या वीराचे नाव जाऊन ‘पराक्रमी’ हे विशेषण आले. वीर गेला आणि त्याचा गुण राहिला, असे म्हणता येईल. मुंबईच्या गोदीत पुढे संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या ‘विक्रांत’वर शाळेच्या सहलीत गेलेली पिढी आज प्रौढ आहे. त्यांच्यापैकी फार थोड्यांना तिचे जन्मनाव माहीत असेल.

तिसरी ‘हर्मीस’, आणि तिच्या नावाचा प्रवास तर अधिकच गुंतागुंतीचा आहे. पंख असलेल्या पादुका घालून देवांचे निरोप पोचवणाऱ्या हर्मीसचे नाव विमाने वाहणाऱ्या जहाजाला शोभते. पण या नावाची एक क्रूझर 1914 मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली होती आणि पहिल्यापासून विमानवाहू म्हणूनच आखलेली दुसरी ‘हर्मीस’ 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ बुडवली होती. अपशकुन मानणाऱ्या नौदलाने ते नाव कायमचे टाकून दिले असते. ब्रिटनने उलट केले. ‘एलिफंट’ या नावाने बांधायला घेतलेल्या एका विमानवाहू नौकेला 1945 मध्ये ‘हर्मीस’ हे नाव दिले. तिने 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश ताफ्याचे नेतृत्व केले, 1987 मध्ये ती भारतात ‘विराट’ झाली आणि 6 मार्च 2017 पर्यंत सेवेत राहिली. हत्ती या नावाने आयुष्य सुरू झालेली नौका शेवटी ‘विराट’ म्हणून ओळखली गेली, हा योग मला फार आवडतो.

आता राहिलेला शेवटचा भाग. अर्जुन, भीम, इंद्र, वरुण असे सारे असताना आपल्या आघाडीच्या युद्धनौकांवर शहरे, पर्वत, नद्या, शस्त्रे आणि गुण यांचीच नावे बहुतांशी का? इंग्रजांना नेपच्यूनचे नाव सहज वापरता आले, कारण नेपच्यूनच्या देवळात दिवा लावणारे कोणी उरले नव्हते. आपले देव तसे नाहीत. ज्याची आरती सकाळी घरी केली त्याच्या नावाचे जहाज संध्याकाळी रंग खरवडायला घ्यायचे, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून प्रसंगी स्वतःच बुडवायचे, आणि शेवटी अलंगच्या किनाऱ्यावर भंगाराला विकायचे, हे आपल्या मनाला पटणारे नाही. त्याशिवाय आपल्या नौदलात सर्व धर्मांची माणसे एका जहाजावर राहतात आणि जहाजाचे नाव त्या सर्वांना सारखेच आपले वाटले पाहिजे. नौदलाचे ब्रीद ‘शं नो वरुणः’ हे तैत्तिरीय उपनिषदातील आहे, पण तिथे वरुणाची प्रार्थना आहे. वरुणाचे जहाज करून ते लढाईत पुढे धाडणे ही वेगळी गोष्ट झाली.

तरीही आपली पुराणे नौदलातून गेलेली नाहीत. ती किनाऱ्यावर आली आहेत, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नौतळांना आणि प्रशिक्षण केंद्रांनाही जहाजासारखेच नाव आणि दर्जा देण्याची रीत आपण ब्रिटिशांकडून घेतली. त्यांच्याही ली-ऑन-सॉलेंट येथील नौदल हवाई तळाला पंख बनवणाऱ्या डेडेलसचे नाव होते. आपल्याकडे तोफखान्याचे शिक्षण देणारे कोचीचे केंद्र ‘द्रोणाचार्य’ आहे, जहाजबांधणीची कारागिरी शिकवणारे विशाखापट्टणमचे केंद्र ‘विश्वकर्मा’ आहे, कोचीचा हवाई तळ ‘गरुड’ आहे. मिनिकॉय बेटावर 2024 मध्ये सुरू झालेल्या तळाला ‘जटायू’ हे नाव मिळाले, कारण सीतेला पळवणाऱ्याला प्रथम अडवणारा तोच होता आणि पश्चिमेकडील पहारेकऱ्याचे काम त्या बेटाचे आहे. मुंबईतील मरीन कमांडोंचा तळ ‘अभिमन्यू’ आहे. चक्रव्यूहात शिरायचे कसे हे ठाऊक असलेल्या, पण बाहेर न पडू शकलेल्या वीराचे नाव शत्रूच्या वेढ्यात घुसण्याचे काम करणाऱ्या तुकडीने अभिमानाने धारण केले आहे. युरिडिसीचे नाव घेताना बिचकणाऱ्यांनी याचा विचार करावा. नावाची निवड आपल्याकडेही कामाकडे पाहूनच झाली आहे, आणि किनाऱ्यावरचा तळ बुडत नसल्यामुळे श्रद्धेचा प्रश्नही उरत नाही. मला ही विभागणी अत्यंत समंजस वाटते आणि ती मोडून आघाडीच्या विनाशिकांना थेट देवांची नावे द्यावीत, या अधूनमधून होणाऱ्या मागणीशी मी सहमत नाही.

ब्रिटनमध्ये मात्र जुनी रीत अजून चालू आहे. तेथे ‘अ‍ॅजिनकोर्ट’ असे नाव ठरलेल्या एका नव्या अणुपाणबुडीचे नाव जानेवारी 2025 मध्ये राजाच्या संमतीने बदलण्यात आले. 1415 मध्ये त्या गावी इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला होता, आणि आजच्या मित्रराष्ट्राला ते नाव खटकेल अशी चर्चा तिथल्या वृत्तपत्रांत होती. ‘नेझबी’च्या वेळी जी अडचण होती तीच साडेतीन शतकांनी पुन्हा आली आणि उपायही पुराणातच सापडला. पाणबुडीचे नवे नाव ‘अ‍ॅकिलीस’ आहे. नावाबरोबर त्या नावाच्या आधीच्या जहाजांचे युद्धसन्मानही तिच्याकडे जातात, आणि त्यांत रिव्हर प्लेटचा सन्मान आहे. तो ज्या जहाजाने मिळवला त्याने आयुष्याची शेवटची तीस वर्षे ‘दिल्ली’ या नावाने आपल्या ध्वजाखाली काढली.